मामींच्या कादंबरीतला रस्ता

आमचं ऑफिस अण्णा नगरातून शोळिंगनल्लूरला हललं तेव्हा बाकीच्या सगळ्यांनी तिकडेच, समुद्राच्या बाजूला, खोल्या शोधल्या. मी नाही शोधली. मी अण्णा नगरातल्या त्या घराच्या गच्चीवरच्या खोलीतच राहिले आणि रोज चेन्नईच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यासाठी मोटारसायकल घेतली. अमेरिकेला निघालेल्या एका सहकाऱ्याची, जुनी, लाल, शंभर सीसीची. मिरजेला काकांच्या गाडीवर माझा अकरावीतच हात बसला होता, त्यामुळे गाडीची भीती नव्हती. आई फोनवर विचारायची, "ऑफिसजवळ खोली का घेत नाहीस?" मी म्हणायची, तिकडे पाण्याचे फार हाल आहेत. खरं कारण खालच्या मजल्यावर राहत होतं. मामी.

मामी आणि मामा म्हणजे माझे घरमालक, तंजावरकडचे मराठी. कितीतरी पिढ्यांपूर्वी त्यांची माणसं तिकडे गेली आणि तिथलीच झाली. मामी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त झाल्या होत्या, वय एकसष्ट. मामा एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. एकुलती मुलगी अमेरिकेत. मी खोली बघायला गेले त्या दिवशी मामींनी दार उघडलं आणि मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सुरुवात करणार तोच म्हणाल्या, "ये गे, बैस. कोठून आलीस?" दक्षिणेतल्या दारात ते 'कोठून' ऐकून मी पायरीवरच थबकले. आमच्या मराठीतून कधीच निघून गेलेले शब्द त्यांच्या तोंडात जिवंत होते. 'झालं'ला त्या 'जालें' म्हणायच्या, 'मला'ला 'मज'. वाक्याचा हेल मात्र पक्का तमिळ, आणि मधेमधे तमिळ शब्द. गाडी म्हणजे 'वण्डी', पुरे म्हणजे 'पोदुम'. माझं मराठी त्यांना वर्तमानपत्रासारखं वाटायचं. मुलगी आता फोनवर इंग्रजीतच बोलायची, त्यामुळे संध्याकाळी माझ्याशी बोलायला मामी आतुर असायच्या, आणि मी ऐकायला.

त्या संध्याकाळच्या बोलण्यातच ती कादंबरी निघाली.

मामींच्या कपाटात निळ्या कापडात बांधलेला एक जाड गठ्ठा होता. मामी अठरा वर्षांच्या असताना एका तमिळ साप्ताहिकात ही कादंबरी दर आठवड्याला छापून यायची. त्यांच्या थोरल्या बहिणीने पानं कापून ठेवली, दाभणाने शिवली आणि लग्न होऊन जाताना धाकटीला देऊन टाकली. मामी तिला नुसतं 'ती कथा' म्हणायच्या. मला तमिळ वाचता येत नव्हतं. म्हणून त्या पुढ्यात पान उघडायच्या, आधी तमिळ वाचायच्या आणि त्यांच्या मराठीत मला सांगायच्या. शेजारी विळी, समोर चवळीच्या शेंगा, चष्मा नाकावर. एक महिनाभर हे चाललं होतं.

गोष्ट साधी होती. मद्रासमधली एक टायपिस्ट मुलगी. तिची बहीण घरच्यांच्या विरोधात लग्न करून पाँडिचेरीला गेलेली. आईने गुपचूप दिलेली रेशमी साडी बहिणीकडे पोचवायला ही निघते. किनाऱ्याच्या रस्त्याची मोजणी करणारा एक तरुण सरकारी माणूस तिला आपल्या मोटारसायकलवरून घेऊन जातो. मोठी काळी, धडधडणारी मोटारसायकल. वाटेत सुरूचं बन, नदी, मिठागरं. मिठागरापाशी तो सांगतो की त्याची उत्तरेत बदली झाली आहे. ती रागाने गाडीवरून उतरते आणि चपला काढून मिठावरून पळत सुटते. शेवटी पाँडिचेरीला समुद्रासमोरच्या बहिणीच्या दारात तो तिला सोडतो आणि गाडीवरून न उतरताच निघून जातो.

"हा शेवट मज कधीं आवडला नाहीं," मामी गठ्ठा मिटत म्हणाल्या. मग थोडा वेळ शेंगांच्या शिरा काढत बसल्या. "मी काशीला जाऊन आलें. अमेरिकेला जाऊन आलें. तो रस्ता येथून दहा मैलांवर सुरू होतो, आणि मरक्काणमचीं तीं मिठागरें अजून पाहिलीं नाहींत."

"रविवारी जाऊ," मी म्हटलं. "बसने तीन-चार तासांत पाँडिचेरी."

मामींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने त्या शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे पाहत असणार. "बसनें गेलें तर ती कथा कशी होईल गे? तुजकडे वण्डी आहे की."

आतल्या खोलीत मामांचं वर्तमानपत्र खाली आलेलं मला ऐकू आलं.

मामा नाही म्हणाले नाहीत. ते कधीच कशाला सरळ नाही म्हणायचे नाहीत, प्रश्न विचारायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होते तर ते फाटकाशी उभे. ब्रेक शेवटचे कधी बघितलेस? मागचं टायर गुळगुळीत वाटतं, नाही का? साडीचा पदर चाकात गेला तर? मी टायर बदलून घेतलं. ब्रेक बघून घेतले. पदराचा प्रश्न मात्र खरा होता. मामींना मागे एका बाजूला पाय टाकून एवढ्या लांब नेणं मलाच नको वाटत होतं.

"सलवार-कमीज घालावी लागेल, मामी."

मामींनी जन्मात घातली नव्हती. मुलीची जुनी एक कपाटात होती, ती दंडाला घट्ट झाली. मग कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून करड्या रंगाची शिवून आणली. मोजमाप देताना शिंप्याने "नातीसाठी का?" असं विचारलं आणि मामी "होय" म्हणून मोकळ्या झाल्या. शिंप्याने मग त्यांचंच माप का घेतलं ते त्यालाच माहीत.

संध्याकाळी आम्ही सराव सुरू केला. अण्णा नगरातले रस्ते सरळ, चौकोनी, झाडांचे. पहिल्या वळणावर मी उजवीकडे झुकले आणि मामी डावीकडे. गाडी हेलपाटली, आम्ही दोघी किंचाळलो, रस्त्याकडेच्या इडलीवाल्या बाईने हातातला डाव खाली ठेवला. "मामी, मी जिकडे झुकते तिकडे तुम्हीही झुकायचं."

"पडत्या बाजूस झुकायचें? हें कोणतें गणित?"

मग दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच कागदावर वर्तुळ आणि बाण काढून बघितले आणि पटलं म्हणाल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या माझ्यापेक्षा छान झुकू लागल्या. हेल्मेटात अंबाडा मावेना, म्हणून त्यांनी वेणी घातली. पांढरी, बारीक, लांब वेणी. शाळेतल्या त्यांच्या एक-दोन जुन्या विद्यार्थिनींनी त्यांना त्या वेषात बघितलं आणि ओळखलंच नाही, याचा त्यांना कोण आनंद झाला.

पोंगल होऊन आठ-दहा दिवस झाले होते, हवा अजून गार होती. रविवारी पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं. मी खाली उतरले तेव्हा मामी करड्या सलवार-कमीजमध्ये, पायात मुलीचे बूट, वेणीत मोगऱ्याचा गजरा, अशा फाटकाशी उभ्या होत्या. चेहरा मात्र उतरलेला.

"मामा कुठे आहेत?"

"कोठें कोण जाणे. उठलें तर बिछाना रिकामा. देवळात गेले असतील रुसून." त्यांनी हेल्मेट डोक्यावर बसवलं. "चल. चाळीस वर्षांत एकदा तरी 'नीट जा' म्हणावें की नाहीं?"

मला वाईट वाटलं. पण गठ्ठा त्यांनी पिशवीत घालून पोटाशी बांधला होता, आणि मग काय, निघालो.

शहर अजून अर्धवट झोपेत होतं. दारांपुढे सडा-रांगोळ्या चालल्या होत्या. अड्यारचा पूल ओलांडला तेव्हा पूर्वेला जरा लाली दिसली. तिरुवान्मियूर मागे पडलं, रस्ता रुंद झाला, आणि डाव्या हाताला घरांच्या फटींतून पहिल्यांदा समुद्र दिसला. मामींनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे जिथे जिथे समुद्र दिसला तिथे तिथे एक थाप. मुत्तुकाडूच्या खाडीवरच्या पुलावर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी आलं तेव्हा तर पखवाज वाजवावा तशी माझी पाठ वाजली.

कथेतलं पहिलं ठिकाण सुरूचं बन. पुस्तकात ते कोवळमच्या अलीकडे मैलभर पसरलेलं, वारा सुटला की समुद्रासारखाच आवाज करणारं. आम्हाला दिसल्या त्या मोठ्या बंगल्यांच्या भिंती, एक पाळण्यांचं उद्यान आणि विकाऊ प्लॉटच्या पाट्या. मी गाडी हळू केली. मामींची निराशा होणार असं मला वाटत होतं. पण त्यांनी एका बंगल्याच्या फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदाराला सरळ विचारलं, येथलें सुरूचें बन कोठें गेलें? अर्थात तमिळमध्ये. तो हसला. हातातला चहा ठेवून त्याने फाटक उघडलं, आम्हाला मागच्या अंगाला नेलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे वाळूत सुरूची अकरा झाडं उभी होती. मामींनी मोजली. मग त्यांच्याखाली उभ्या राहून हेल्मेट काढलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"करतात गे आवाज," म्हणाल्या. "अकरांतही करतात."

महाबलीपुरमच्या फाट्यावर आम्ही सव्वासातला पोचलो. मला चहा हवा होता. गाडी कडेला घेते तर समोर बसथांब्यावर एक गृहस्थ उभे. पांढरं धोतर, डोक्याला मफलर, काखेत छत्री आणि हातात चार पुडांचा डबा. मी हेल्मेटची काच वर केली, पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली.

"अय्यो," मागून मामींचा आवाज आला. "हे तर हेच."

मामा घड्याळ बघत होते. "वीस मिनिटें उशीर," म्हणाले. मग डब्याकडे बोट करून मला विचारलं, "तुम्ही दोघींनी न्याहारीचा काय विचार केला होता?"

आम्ही काहीच विचार केला नव्हता. पहाटे साडेतीनला उठून त्यांनी स्वतः इडल्या केल्या होत्या. आदल्या रात्री मामींनी भिजवून वाटून ठेवलेलं पीठ आणि मिळगाय पोडी, म्हणजे मिरचीची चटणीपूड. मग कोयंबेडूच्या मोठ्या बसस्थानकावर चालत जाऊन त्यांनी पाँडिचेरीची पहिली बस पकडली होती. मामी ओरडत होत्या, "सांगून नाहीं का यायचें?" आणि मामा म्हणत होते, "सांगितलें असतें तर तूं म्हणाली असतीस, नको." ते बरोबर होतं. मामी नकोच म्हणाल्या असत्या. आम्ही थांब्याच्या बाकावर बसून इडल्या खाल्ल्या. मामा त्यांच्या करड्या सलवार-कमीजकडे तिरप्या नजरेने बघत होते. शेवटी खाली वाकले. मला वाटलं काहीतरी पडलं. तर ते मामींच्या बुटाची सुटलेली नाडी बांधत होते.

"मी पुढच्या बसनें येतों," डबा आवरत ते म्हणाले. "मरक्काणमला भेटतों. हळू चालवा."

पुढे रस्ता मोकळा झाला. उजवीकडे भातखाचरं, डावीकडे ताडाची झाडं, मासेमारांची गावं. काही गावांत नवी, एकसारखी घरं रांगेत बांधली जात होती. त्सुनामीत समुद्र आत आला होता त्याला फार वर्षं झाली नव्हती. एका घराच्या अर्ध्या भिंतीवर जाळं वाळत घातलं होतं आणि खाली दोन बाया निवांत केस विंचरत होत्या. मामींनी त्यांना हात केला, त्यांनी फणीसकट हात केला.

पालार नदीवर आता लांबलचक पूल आहे. कादंबरीत पूल नव्हता. तिथे मोटारसायकल होडीत आडवी घालून नेतात, आणि पलीकडे उतरताना मुलगी गुडघाभर पाण्यात उतरते. मामींना पूल मान्य नव्हता. आम्ही गाडी पुलाअलीकडे लावून पात्रात उतरलो. नदी म्हणजे वाळूच होती, मधून हातभर रुंद पाण्याची एक धार. मामींनी बूट-मोजे काढले, सलवार वर धरली, पाण्यात उभ्या राहिल्या. घोटा बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

"गुडघाभर समज," त्या मला म्हणाल्या. मी समजले.

कडपाक्कम ओलांडल्यावर गाडीने आवाज काढला. आधी खटखट, मग काहीतरी घासल्याचा, मग मी ॲक्सिलरेटर पिळतेय आणि गाडी जागच्या जागी गुरगुरतेय. चेन उतरली होती. नुसती उतरली असती तर मी बसवली असती, पण ती पुढच्या चक्रात अडकून बसली होती, आणि पान्ह्यांची पिशवी अण्णा नगरात खोलीच्या खिडकीत. चारी बाजूंना शुकशुकाट. ताडाची दोन झाडं आणि एक बकरी. मी काठीने, दगडाने, हाताने खटपट केली. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले. मामी पिशवीतून चेन सोडवण्याच्या कामाची एखादी वस्तू शोधत होत्या. त्यांच्याकडे गठ्ठा, पेन्सिल, रुमाल आणि लिंबाच्या गोळ्या निघाल्या. आम्ही गोळ्या खाल्ल्या.

तेवढ्यात मागून सरकारी बस आली. आमच्या पुढे गेली, आणि मग एकदम ब्रेक लागून पन्नास पावलांवर थांबली. खिडकीतून छत्री बाहेर आली. छत्रीपाठोपाठ मामांचा आवाज, "थांबा, थांबा, आमचीच माणसें!"

दार उघडलं. मामा उतरले. त्यांच्यामागे कंडक्टर. मग ड्रायव्हर. मग एकेक करून निम्मी बस. कोंबड्या घेतलेली एक आजी, शाळेच्या कसल्याशा स्पर्धेला निघालेल्या चार मुली, नव्या लग्नाचं एक जोडपं. कंडक्टर थेट मामींसमोर उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मिठावरून पळणार त्या तुम्हीच का?"

मामी मामांकडे वळल्या.

महाबलीपुरमपासून मामांनी बसमध्ये सगळी कथा सांगितली होती. टायपिस्ट, मोजणीवाला, आईची साडी, होडी, सगळं. बरोबर क्रमाने. मामांनी ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं. महिनाभर मामी मला कथा सांगत होत्या तेव्हा वर्तमानपत्राआड बसून त्यांनी एकूण एक शब्द ऐकला होता.

"तुम्ही ऐकत होतां?" मामी म्हणाल्या.

"भिंत पातळ आहे," मामा म्हणाले, आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

ड्रायव्हरने बसमधून पान्हे आणले. झाकण काढून त्याने दोन मिनिटांत चेन मोकळी केली, बसवली, ताणही दुरुस्त करून दिला. त्या मुलींनी माझे हात धुवायला पाण्याची बाटली ओतली. कोंबड्यावाल्या आजींना उशीर होत होता, पण त्यांचाच आग्रह होता की गाडी चालू झालेली बघूनच जायचं. मी किक मारली. गाडी सुरू झाली आणि रस्त्यावर टाळ्या पडल्या. मामा पुन्हा बसमध्ये चढले. बस आमच्या बाजूने हळू हळू पुढे गेली तेव्हा प्रत्येक खिडकीतून एक हात हलत होता. मामी मागच्या सीटवर ताठ बसून दोन्ही हातांनी निरोप देत होत्या. मला धरायचं त्या विसरल्या होत्या.

मरक्काणमला पोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. मामा फाट्यावर उभेच होते. मिठागरं रस्त्यालगतच सुरू होतात. चौकोनी, उथळ वाफे, आकाश त्यात पडलेलं, आणि बांधांवर मिठाच्या पांढऱ्या राशी.  एका बांधावर जाऊन मामींनी गठ्ठा उघडला आणि भांडणाचं प्रकरण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शाळेत वाचतात तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं.

पलीकडे झापांच्या मांडवाखाली मिठागरात काम करणाऱ्या पाच-सहा बाया काम आटपून पेज खात बसल्या होत्या. त्या एकेक करून उठून आल्या. मामींना थांबायचं भान नव्हतं. मुलगी गाडीवरून उतरते, चपला भिरकावते, टळटळीत दुपारी पांढऱ्याशुभ्र मिठावरून पळत सुटते, मिठागरातले मजूर हातातली फावडी थांबवून बघत राहतात. मामींनी पान उलटलं.

"अक्का," त्यांतली एक उंच, वयस्क बाई म्हणाली, "दुपारी इथे मजूर कुठून आले?"

मामी थांबल्या.

"आम्ही उजाडायच्या आत येतो. दहाला संपवतो. दुपारी डोळे फुटतील इथे. कोण येतंय?"

"आणि अनवाणी पळाली?" दुसरी म्हणाली. तिने पाय पुढे केला. पायात जाड रबरी बूट होते. "दहा पावलांत तळवे सोलून निघतील. पुढे डॉक्टर आहे का तुमच्या कथेत?"

सगळ्या हसल्या. मी मामींकडे बघितलं. मला वाटलं आता रागावतील, चाळीस वर्षांची कथा आहे. मामींच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. मला ती ओळखीची नव्हती, पण त्यांच्या विद्यार्थिनींना नक्की असणार. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली.

"सांगा," त्या त्या उंच बाईला म्हणाल्या. "किती वाजतां येतां? मीठ कसें ओढतां? त्यास काय म्हणतां?"

मग अर्धा तास त्या बायांनी सांगितलं आणि मामींनी समासात लिहून घेतलं. फावडं नाही, लांब दांड्याची, मीठ ओढायची लाकडी फळी असते. मीठ पांढरंशुभ्र आधी नसतं, आधी करडं असतं. मुलीने पळायचंच असेल तर बांधावरून पळावं, आणि सकाळी. भांडण कशावरून झालं ते मात्र त्या बायांना पटलं. बदलीची गोष्ट निघायच्या आधीच सांगायला हवी होती, यावर सगळ्यांचं एकमत झालं. "आधी सांगितलं असतं तर ही गाडीवर बसलीच नसती," उंच बाई म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं त्या चोराने."

मामी इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं. निघताना त्यांनी विचारलं, थोडें पळून पाहूं का? उंच बाईने स्वतःचे रबरी बूट काढून दिले. आणि मामी पळाल्या. बांधावरून, दुसऱ्याच्या बुटात, एकसष्टाव्या वर्षी, पाठीवर पांढरी वेणी उडवत. वीसेक पावलं असतील. मामा छत्री उघडून त्यांच्यामागे चालत गेले, ऊन लागू नये म्हणून.

पाँडिचेरीला आम्ही दुपारी पोचलो, मामा बसने आमच्याआधी. समुद्रासमोरच्या रस्त्यावर कठड्यावर बसून मामींनी शेवटचं पान वाचलं. लाटा खालच्या काळ्या दगडांवर आपटत होत्या आणि तुषार अंगावर येत होते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तो गाडीवरून उतरला कां नाहीं, तें मज अजून कळत नाहीं."

मामांनी गंभीरपणे विचार केला. "वण्डीचा स्टँड मोडला असेल," म्हणाले.

 मामींनी पेन्सिल काढून तेही समासात लिहून ठेवलं.

आम्ही रात्रीपुरत्या दोन खोल्या घेतल्या, मासे न खाणाऱ्यांसाठी असलेल्या एका खानावळीत जेवलो आणि लवकर झोपलो. सोमवारची मी रजा टाकली होती. सकाळी निघताना मामी हेल्मेट घ्यायला वाकल्या तर ते जागेवर नव्हतं. मामांनी ते मफलरवरूनच चढवलं होतं. पट्टा हनुवटीखाली बसत नव्हता, मामींनी बसवून दिला.

"मरक्काणमपर्यंत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "फक्त बघायचें आहे. मग मी बसमध्यें."

मामी बसथांब्याकडे वळल्या, डबा आणि छत्री घेऊन. मामा माझ्यामागे बसले. धोतर नीट खोचलं, दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट पकडली आणि म्हणाले, "हळू." कालापेटपर्यंत मी हळूच गेले. मग रस्ता सरळ आणि रिकामा झाला, सकाळचा वारा समोरून आला, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर एक बोट टेकवलं.

"थोडें जलद चालेल," म्हणाले.

मी थोडी जलद घेतली. काही वेळाने मला मागून कसलासा आवाज जाणवू लागला. आधी वाटलं पुन्हा चेन. मी वेग कमी केला, कान दिला. मामा गात होते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात म्हणत आलेलं काहीतरी जुनं मराठी, शब्द वाऱ्यात उडून जात होते. मरक्काणम आलं. मिठागरात बाया वाकून मीठ ओढत होत्या. मी मागे वळून विचारलं, "उतरायचं का, मामा?"

"सरळ चल," मामा म्हणाले, आणि पुढच्या कडव्याला सुरुवात केली.